हवाईची कपाशी, परभणीची गावरान आणि एक मथळा : हरितलवकाच्या जीनोमवरून मूळ शोधण्याचे एक प्रकरण

प्रश्न एका मथळ्यावरून उभा राहिला. वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ला असलेल्या आमच्या एका विद्यार्थिनीने प्रोजेक्टसाठी हवाई बेटांवरची रानटी कपाशी निवडली होती. कामाचा गोषवारा जिल्ह्यातल्या एका चर्चासत्राला पाठवायचा होता. तिथल्या संयोजकांपैकी एकाने हौसेने मथळा सुचवला : 'हवाईच्या कपाशीची आई परभणीची'. मुलीला तो आवडला, तिच्या वडिलांना त्याहून जास्त. ते मानवतकडचे कोरडवाहू शेतकरी. बाकी रानात बीटी, पण बांधालगतच्या तुकड्यात दरसाल थोडी गावरान कपाशी लावायचीच, हा त्यांचा नेम. कॉलेजात आले तेव्हा त्यांनी मला थेट विचारले, "सर, त्या बेटावरच्या कपाशीत आपल्या गावरानीचं रक्त हाय म्हणून सांगायली ही. खरं हाय का?"

मी म्हणालो, "नातं हाय. पण आईकडून, अन् लई मागचं."

ते 'लई मागचं' म्हणजे किती मागचे, आणि 'आईकडून' म्हणजे नक्की काय, यावर पुढचे सगळे प्रकरण उभे आहे. ते सविस्तर लिहितो आहे, कारण हरितलवकाच्या, म्हणजे पानाला हिरवेपण देणाऱ्या पेशीतल्या घटकाच्या, डीएनएवरून मूळ शोधण्याचे हे काम आता आपल्याकडच्या साध्या कॉलेजातही होऊ शकते. डीएनएच्या अक्षरांचे अनुक्रम जेनबँक या खुल्या संग्रहात फुकट मिळतात, सॉफ्टवेअर फुकट मिळते, चांगला लॅपटॉप असला की वंशवृक्ष तयार होतो. तो वाचायचा कसा, हे मात्र बसून शिकवावे लागते.

कपाशीच का

मुलीला मुळात बेटांवरच्या संकटग्रस्त वनस्पतींचाच विषय हवा होता. जगभरच्या बेटांची यादी घेऊन ती आली होती. मी सुचवले ते इतकेच, की ज्या झाडाचे पान हातात धरून ओळखता येते, त्याच्या नातलगांपासून सुरुवात कर. परभणी जिल्ह्यात ते झाड कोणते असणार, हे सांगायला नको. परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी कपाशीवर वर्षानुवर्षे काम केले आहे. 'परभणी तुराब' म्हणून ओळखला जाणारा पीए २५५ हा वाण तिथलाच. अमेरिकन कपाशीतला एनएचएच ४४ हा संकरित वाण शेजारच्या नांदेडच्या केंद्रातून आला.

गॉसिपियम वंशात पन्नासच्या आसपास जाती आहेत. बहुतेकांच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात. आपली गावरान, म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम, त्यातलीच. सात जातींत मात्र ५२ गुणसूत्रे आहेत. आज शेतात जी अमेरिकन किंवा बीटी कपाशी दिसते, ती गॉसिपियम हिरसुटम, या सातांपैकी एक. लांब धाग्याची बार्बाडेन्स दुसरी आणि ईशान्य ब्राझीलमधली मस्टेलिनम तिसरी. उरलेल्या चारही बेटांवरच्या आहेत : हवाईतली टोमेंटोसम, गॅलापागोसमधली डार्विनाय, डोमिनिकन रिपब्लिकमधली एकमानियानम आणि वेक या एवढ्याशा प्रवाळबेटावरची स्टीफेन्साय. ही शेवटची तर २०१७ मध्ये वेगळी जाती म्हणून नोंदली गेली.

टोमेंटोसमला हवाईत 'माओ' म्हणतात. बेटांच्या कोरड्या, वाऱ्याआडच्या बाजूला ती वाढते. फूल गंधकी पिवळे, सरकीवर तपकिरी आखूड तंतू. आपल्या शेतातल्या अमेरिकन कपाशीचे पान उलटे करून पाहिले, तर मधल्या शिरेवर एक बारीक खड्डा दिसतो. त्यातून गोड रस पाझरतो आणि त्यावर मुंग्या येतात. माओच्या पानावर ही मधुग्रंथी नसते. पैदासकारांनी हा गुण हिरसुटममध्ये आणला, कारण गोड रस नसेल तर काही किडी त्या झाडाकडे कमी फिरकतात. मुलीने घरच्या रानातली पाने आणून आम्हा सगळ्यांना तो खड्डा दाखवला होता. एरवी वर्षभर कपाशीत वावरणाऱ्या कितीतरी जणांनी तो कधी नीट पाहिलेला नसतो.

कपाशीच्या गोतावळ्यात हवाईतच आणखी एक वंश आहे, कोकिया. त्याची गोष्ट जास्त बिकट आहे; तिच्याकडे पुढे येतो.

हरितलवक काय सांगते

पानाच्या पेशीतल्या हरितलवकाला स्वतःचा वेगळा, छोटा जीनोम, म्हणजे डीएनएचा संपूर्ण संच, असतो. तंबाखू आणि लिव्हरवर्ट यांचे हरितलवकाचे जीनोम १९८६ मध्ये पहिल्यांदा पूर्ण वाचले गेले. हिरसुटमचा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची लांबी १,६०,३०१ अक्षरे. रचना वर्तुळासारखी : एक मोठा एकेरी भाग ८८,८१६ अक्षरांचा, एक छोटा एकेरी भाग २०,२६९ अक्षरांचा, आणि या दोहोंच्या मधे प्रत्येकी २५,६०८ अक्षरांचे दोन भाग, एकमेकांची उलटी नक्कल असलेले.

बेटांवरच्या दुर्मीळ झाडांसाठी हा जीनोम सोयीचा ठरतो त्याची कारणे साधी आहेत. एका पेशीत त्याच्या शेकडो, कधी हजारो प्रती असतात. त्यामुळे पानाचा लहानसा तुकडा, अगदी हर्बेरियममधले, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातले, जुने पानसुद्धा, बहुतेक वेळा पुरते. ज्या जातीची मोजकीच झाडे उरली आहेत तिच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे. शिवाय त्याची अक्षरे केंद्रकातल्या जनुकांच्या साधारण निम्म्या वेगाने बदलतात, म्हणून लाखो वर्षांपूर्वीच्या फाटाफुटीच्या खुणा पुसल्या जात नाहीत. आणि बहुतेक सपुष्प वनस्पतींत, कपाशीतही, तो आईकडूनच येतो. परागकणातून तो पुढच्या पिढीत जात नाही. सरळ मातृवंशाची एकच ओळ मिळते, दोन बाजूंची सरमिसळ होत नाही.

आमच्याकडे सिक्वेन्सिंगचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून सगळे अनुक्रम जेनबँकेतूनच घेतले. तरी मुलीने गावरान कपाशीच्या पानातून डीएनए काढून पाहिला, कारण मूळ पदार्थ हातात आल्याशिवाय कामाची जाणीव होत नाही. कपाशीचे पान या बाबतीत त्रास देणारे आहे. जून पान खलात घोटले की द्राव बघता बघता तपकिरी, चिकट होतो. पानातली पॉलिफिनॉल आणि चिकट शर्करा डीएनएला धरून बसतात. कोवळे, नुकते उलगडलेले पान घेऊन, सीटॅब या रसायनाच्या द्रावात पीव्हीपी हे दुसरे रसायन मिसळून काम केले, तेव्हा कुठे नळीत पांढरे तंतू दिसले.

संगणकावरच्या कामातली एक गोष्ट नवख्यांसाठी सांगायलाच हवी. हरितलवकाचा तो छोटा एकेरी भाग पेशीत दोन्ही दिशांनी आढळतो. जेनबँकेतल्या काही नोंदींत तो एका दिशेने लिहिलेला असतो, काहींत उलट. तसेच जुळवायला घेतले, तर जिथे काहीच फरक नाही तिथे वीस हजार अक्षरांचा फरक दिसू लागतो. म्हणून आधी सगळे अनुक्रम एकाच जागेपासून सुरू करून घेतले, छोटा भाग एका दिशेला वळवला, उलट्या नकलांपैकी एकच ठेवली. मग माफ्ट या सॉफ्टवेअरने जुळवणी आणि आयक्यू-ट्री या दुसऱ्या सॉफ्टवेअरने वंशवृक्ष. तुलनेसाठी बाहेरचे झाड म्हणून घेतली भेंडी, कारण ती कपाशीच्याच कुळातली, पण कपाशीच्या गोतावळ्याबाहेरची.

"सर, फाइल बदलली का?"

वंशवृक्ष आला आणि मुलगी गोंधळली. अमेरिका खंडात २६ गुणसूत्रांच्या जंगली कपाशी आहेत, त्यात पेरूमधली गॉसिपियम रायमोंडाय ठळक. हवाईची, गॅलापागोसची, मेक्सिकोकडची ५२ गुणसूत्रांची कपाशी यांच्या जवळ बसेल, असा तिचा अंदाज होता. भूगोल पाहता तो बरोबरच होता. वंशवृक्षात मात्र ५२ वाल्या सगळ्या जाती रायमोंडायपासून लांब, एका फांदीवर एकत्र होत्या, आणि त्यांच्या शेजारच्या फांदीवर आपली गावरान आर्बोरियम व गुजरातेकडे पिकणारी हर्बेशियम. तिला वाटले, नावांची अदलाबदल झाली. तिने सगळ्या फायली नव्याने उतरवून घेतल्या. उत्तर तेच.

उत्तर तेच येणार होते. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठाचे जोनाथन वेंडेल यांनी १९८९ मध्येच दाखवून दिले होते, की नव्या जगातल्या (अमेरिका खंडातल्या) ५२ गुणसूत्रांच्या कपाशीत पेशीद्रव्य, म्हणजे हरितलवक ज्यात असते तो केंद्रकाबाहेरचा भाग, जुन्या जगातले (आफ्रिका-आशियाकडचे) आहे. साधारण १० ते २० लाख वर्षांपूर्वी आफ्रिका-आशियाकडच्या 'ए' गटातल्या कपाशीची एक वंशशाखा अमेरिकेत पोचली. तिच्या फुलावर तिथल्या रायमोंडायसारख्या 'डी' गटातल्या कपाशीचे पराग पडले. दोन्हींची गुणसूत्रे एकत्र येऊन दुप्पट झाली आणि ५२ गुणसूत्रांची नवी कपाशी उभी राहिली. बी धरणारी 'ए' गटातली, म्हणून हरितलवक तिचे. आजच्या सातही जाती त्या घटनेच्या वंशज आहेत. मराठवाड्याच्या काळ्या रानात उभी असलेली बीटी कपाशी आणि हवाईच्या किनाऱ्यावरची माओ, दोघींच्या पानात तेच जुन्या जगातले हरितलवक आहे.

इथून मथळ्याकडे परत यावे लागते. 'आई परभणीची' म्हणायला काय हरकत आहे, असे चर्चासत्राच्या संयोजकांनी फोनवर विचारले. हरकत अशी, की जी 'ए' गटातली कपाशी अमेरिकेत पोचली, ती आजची आर्बोरियम नव्हे आणि आजची हर्बेशियमही नव्हे. हरितलवकाच्या वंशवृक्षात या दोघी एकमेकींना जवळ आहेत आणि ५२ वाल्या सगळ्या त्यांच्या बाजूला स्वतंत्र आहेत. म्हणजे फाटा फुटला तो आर्बोरियम आणि हर्बेशियम वेगळ्या होण्याच्याही आधी. आपल्या नात्यात सांगायचे तर गावरान ही माओची आई नाही, मावशी आहे, आणि तीही कितीतरी पिढ्या चुलत पडलेली. काळाचाही मेळ बसत नाही. भारतीय उपखंडात आर्बोरियमची लागवड सुरू होऊन फार तर काही हजार वर्षे झाली. समुद्रापलीकडची ती घटना माणूस शेती करू लागण्याच्या लाखो वर्षे आधीची. त्या वेळी परभणी नव्हती, कापसाचे पीक नव्हते, वाण तर नव्हताच. स्थानाचाही आधार नाही : हर्बेशियमची खरी जंगली उपजात आज दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला आढळते. 'ए' गटाचे मूळ शोधायला निघालेल्याला आफ्रिकेकडे पाहावेच लागते.

जिल्ह्याचा अभिमान मला समजतो, तो माझाही आहे. पण गावरान कपाशीची थोरवी हवाईच्या आईपणावर अवलंबून नाही. कमी पावसात तग धरणारी, मावा-तुडतुड्यांना दाद न देणारी, खोल मुळांची ही कपाशी स्वतःच्या गुणांवर उभी आहे. तिच्यासाठी खोटा मथळा कशाला? गोषवारा शेवटी गेला तो 'हरितलवकाच्या जीनोमवरून हवाईतील कपाशीच्या मातृवंशाचा मागोवा' या नावाने. संयोजकांना तो फिका वाटला, पण त्यांनी तो तसाच छापला. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

कोकिया

टोमेंटोसम हवाईत आली ती बहुधा मध्य अमेरिकेच्या बाजूने, समुद्राने. केंद्रकातल्या खुणांवरून तिचे जवळचे नाते हिरसुटमशी आहे आणि तिच्यातले वैविध्य कमी आहे. मोजक्याच बिया बेटाला लागल्या असतील तर असेच घडते. हवाई उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,८०० किलोमीटरवर आहे. कपाशीची सरकी खाऱ्या पाण्यात राहूनही उगवू शकते का, याची तपासणी एस. जी. स्टीफेन्स यांनी १९५० च्या दशकात केली होती. वेक बेटावरच्या जातीला नाव त्यांचेच आहे.

कोकियाचा प्रवास याहून चमत्कारिक. तिचा सर्वांत जवळचा नातलग वंश म्हणजे गॉसिपिऑइडिस, आणि तो राहतो पूर्व आफ्रिका व मादागास्करमध्ये. दोन्हींत गुणसूत्रे २४, कपाशीच्या २६ पेक्षा एक जोडी कमी. हे नाते १९९७ मध्ये हरितलवकातल्या एनडीएचएफ या जनुकावरून आणि केंद्रकातल्या खुणांवरून नक्की झाले. २०१७ मध्ये केंद्रकातली सुमारे १३,००० जनुके ताडून पाहिली गेली. त्यातून निघाले, की हे दोन वंश सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले, आणि कपाशीपासून त्याच्या दुप्पट काळ आधी. हवाईच्या आजच्या मोठ्या बेटांपैकी सर्वांत जुने कवाई, तेही साधारण ५० लाख वर्षांचेच. बी कुठून कसे गेले, वाटेत आज बुडालेल्या एखाद्या बेटावर थांबले का, हे वंशवृक्ष सांगत नाही.

कोकियाच्या चार जाती. ओआहू या हवाईतल्या बेटावरची लॅन्सिओलाटा एकोणिसाव्या शतकातच संपली. ड्रायनॅरिऑइडिस आणि कवाएन्सिस जंगलात तगून आहेत, पण थोड्या. कुकाय ही मोलोकाई बेटावरची. १८६०च्या दशकात ती सापडली तेव्हा मोजकी तीन झाडे होती. १९१८ पर्यंत तीही गेली. १९७० मध्ये एक झाड पुन्हा दिसले. १९७८ मध्ये आग लागून ते जळाले. त्याची एक फांदी मात्र वाचवून कवाएन्सिसच्या खुंटावर कलम केली होती. आज कुकाय आहे ती फक्त अशा कलमांच्या रूपात.

मराठवाड्यातल्या वाचकाला कलम समजावून सांगायला नको. जालन्याकडचा मोसंबीचा बागायतदार जाणतो, की डोळा एका झाडाचा, खुंट दुसऱ्याचा. खुंटावरून फूट आली तर ती मोसंबीची नसते, लगेच काढावी लागते. कुकायच्या बाबतीत चुकून खुंटावरची फूट वाढू दिली आणि वरची फांदी वाळली, तर कवाएन्सिसच कुकायच्या नावाने सांभाळली जाईल. इथे हरितलवकाची तपासणी कामाला येते : फांदीतले आणि खुंटातले हरितलवक वेगळ्या जातींचे असल्याने नमुना कोणाचा ते कळू शकते.

यात एक खाच आहे, आणि मला ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वाटते. जर्मनीत राल्फ बॉक यांच्या गटाने तंबाखूच्या कलमांवर प्रयोग करून २००९ आणि २०१२ मध्ये दाखवले, की कलमाच्या सांध्यात एका झाडाचा हरितलवकाचा जीनोम दुसऱ्याच्या पेशीत शिरू शकतो. हे फक्त सांध्याच्या जागी घडते. वरच्या पानांत तो चढत जात नाही. पण सांध्यातूनच फुटलेला कोंब पुढे वाढवला, तर त्यात केंद्रक एकाचे आणि हरितलवक दुसऱ्याचे, असे होऊ शकते. कोकियात असे झाल्याचे मी म्हणत नाही. कलमावरच जगणाऱ्या जातीचा नमुना घेताना पान सांध्यापासून किती उंचीवर होते, हे नोंदवहीत लिहायलाच हवे, एवढे म्हणतो. मुलीने हा मुद्दा प्रोजेक्टच्या पद्धतीच्या प्रकरणात घातला, तेव्हा मला फार बरे वाटले.

आईकडची बाजू, आणि तेवढीच

हरितलवकाने फसवल्याचे उदाहरण कपाशीतच आहे. ऑस्ट्रेलियातली गॉसिपियम बिकाय. केंद्रकातल्या जनुकांवरून ती ऑस्ट्रेल आणि नेल्सोनाय या जातींची जवळची. हरितलवक मात्र तिच्यात स्टर्टियानम या दुसऱ्याच शाखेचे. १९९१ मध्ये हा उलगडा झाला : पूर्वी कधी संकर झाला, नंतर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या बाजूचे पराग मिळत गेले, केंद्रक बदलले, आईचे हरितलवक तेवढे राहिले. फक्त हरितलवक पाहून तिची जागा ठरवली असती, तर ती चुकलीच असती. बेटांवर जवळच्या जातींमध्ये संकर नेहमी होतात, म्हणून तिथे हा धोका जास्त. शिवाय बेटावर नुकत्याच फुटलेल्या जातींत हरितलवकातले फरक इतके थोडे असतात, की त्यावरून जातींच्या सीमा ठरवणे अवघड.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके इथेच बोट ठेवले. त्यांनी विचारले, "हवाईत उद्या कोणी बीटी कपाशी लावली आणि तिचे पराग माओवर पडले, तर तुमच्या हरितलवकात दिसेल?"

मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नाही दिसणार, सर. बी माओचंच, म्हणून हरितलवक माओचंच राहणार. बीटी केंद्रकात शिरलेलं असेल." मग तिने घरच्या रानाचा दाखला दिला. तिच्या वडिलांच्या गावरानीशेजारी दोन हात अंतरावर बीटी उभी असते. मधमाश्या दोन्हींवर जातात. तरी गावरानीत बीटी शिरण्याची भीती फारशी नाही, कारण गावरानीची गुणसूत्रे २६ आणि बीटीची ५२. संकर झालाच, तर झाड वांझ निघते. माओची गुणसूत्रे मात्र ५२ आहेत, बीटीइतकीच. तिचा हिरसुटमशी संकर सहज होतो आणि संततीला बीही धरते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेने हवाईत बीटी कपाशीच्या व्यापारी लागवडीला परवानगी दिलेली नाही, त्यामागे हेच कारण आहे.

परीक्षकांनी पुढे विचारले, की मग संवर्धनासाठी माओचे बी गोळा करणाऱ्याने काय तपासावे. तिचे उत्तर प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर आधीच लिहिलेले होते : हरितलवकाचा जीनोम मातृवंश ठरवण्यापुरता, आणि बी शुद्ध आहे की नाही हे ठरवायला केंद्रकातली जनुके, प्रत्येक झाडाची वेगळी. जेनबँकेत एका जातीचा एखादाच नमुना असतो. त्यावर हा दुसरा भाग होत नाही. त्यासाठी हवाईतच जाऊन, झाडागणिक पाने घ्यावी लागतील.